सातवं नाव पाटखारचं

विधानसभेत वहाणा काढून, बाकावर चक्क मांडी घालून बसणारा सदस्य मी आयुष्यात एकच पाहिला. गोमाजी पदू घरत, मुक्काम पाटखार, जिल्हा कुलाबा. वहाणा बाकाखाली, छत्री पुढच्या बाकाला अडकवलेली, टोपी डोक्यावर आणि डोळे मिटलेले. नवख्याला वाटावं, सदस्यांचा डोळा लागला. अर्थमंत्र्यांनाही पहिल्या आठवड्यात तसंच वाटलं. खर्चाच्या मागण्या वाचताना एका बाबीवरून ते जरा घाईने पुढे सरकले, तेव्हा त्या मिटल्या डोळ्यांखालून आवाज आला, "जरा मागं या, सायेब. मधला एक घर राहिला."

मंत्री मागे आले. त्या मधल्या घरात एका सरकारी विश्रामगृहाचे पडदे होते. त्या पडद्यांवर गोमाजी अर्धा तास बोलले. कापड कसलं, झालर कसली, आत झोपणाऱ्या साहेबाला उजेडाचा एवढा त्रास का होतो, सगळं विचारून झालं. आणि त्याच गावच्या शाळेला दारंच नाहीत, ही गोष्ट त्यांनी अगदी शेवटी, पायाने वहाणा चाचपत, जाता जाता सांगितली. मग खाली बसले आणि पुन्हा डोळे मिटले. पडद्यांचं काय झालं ते ठाऊक नाही, पण शाळेला दारं मिळाली.

मी त्या काळी सभागृहात मराठीचा लघुलेखक होतो. सदस्य बोलायचे आणि आम्ही खाली मान घालून त्यांच्या बोलण्याच्या काड्या आणि आकडे करत बसायचो. राज्य तेव्हा द्वैभाषिक. एका बाकावर गुजराती, दुसऱ्यावर मराठी, अधूनमधून इंग्रजीची सर. मी अलिबागचा, म्हणून गोमाजी उठले की आमचे मुख्य लघुलेखक आपली पेन्सिल खाली ठेवत आणि माझ्याकडे वळून म्हणत, "चला, तुमची भरती आली." आणि मी बाह्या सरसावून बसे. खोटं कशाला बोला, त्या भरतीची मी आठवडाभर वाट पाहत असे.

भाषण टंकून झालं की सदस्यांकडे तपासायला जाई. बहुतेक सदस्यांना तिथे साक्षात्कार व्हायचा. सभागृहात जे सुचलं नव्हतं ते सगळं कागदावर सुचायचं, आणि अडखळत बोललेला माणूस छापून येताना महापंडित होऊन येई. गोमाजींचं उलट. ते एकदा आमच्या खोलीत आले, कागद माझ्यापुढे धरला आणि विचारलं, "हे कोन बोललाय?"

मी म्हटलं, "तुम्हीच, गोमाजीशेट."

"मी? मी 'आहे' कदी म्हटला? गावात हे वाचून दाखवतात. लोक म्हंतील, गोमा मुंबैला गेला आनि भाड्याचा मानूस उभा केला."

मग आम्ही दोघांनी बसून माझं शुद्ध मराठी एकेक शब्द करून खारं केलं. 'आहे'चं 'हाय' झालं, 'नाही'चं 'नाय' झालं. एका ठिकाणी मी हौसेने 'तथापि' घातला होता. त्यावर बोट ठेवून ते म्हणाले, "हा काढा. हा मना चावतो." त्यानंतर माझ्या लिखाणात 'तथापि' कधी आला नाही.

खर्चाच्या अंदाजपत्रकात त्यांचं एका शब्दाशी हाडवैर होतं. तो शब्द म्हणजे किरकोळ. कुठल्याही खात्याच्या मागणीत शेवटी 'किरकोळ' आलं की गोमाजींचे डोळे उघडत. एका वर्षी त्यांनी सभागृहाला कोळणीची टोपली समजावून सांगितली. कोळीण बाजारात येते तेव्हा मोठा मासा वर ठेवते आणि बारीक खाली. सरकारची टोपली मात्र वरून बघावी तर शिक्षण, दवाखाने, विहिरी, सगळं बोटाएवढं. "आनि तलाला हात घातला तर हा एवढा घोल. त्याचा नाव किरकोल." म्हणताना त्यांनी दोन्ही हात असे फाकवले की शेजारच्या सदस्याची टोपी उडाली. घोळ मासा केवढा ते नोंदीत कसं आणावं या विवंचनेत मी कंसात लिहिलं, 'सदस्य हात पसरतात'. अर्थमंत्री हे भलतं गंभीर गृहस्थ, हसणं हा अनुत्पादक खर्च मानणारे. त्या दिवशी त्यांनी चष्मा काढून पुसायला घेतला आणि बराच वेळ पुसत राहिले.

गोमाजींचं सगळं अर्थशास्त्र एका वाक्यात मावत असे, आणि ते वाक्य ते मंत्र्यांना, कलेक्टरना, ग्रामसेवकाला आणि चहावाल्यालाही ऐकवत: "पैसा सरकारचा नाय. सरकारकडं ठेवलेला हाय."

एकदा एक मंत्री आमच्या भागाच्या दौऱ्यावर यायचे होते. रस्ता मातीचा. साहेबांवर धूळ उडू नये म्हणून सकाळपासून पाण्याची गाडी रस्त्यावर शिंपण करत फिरत होती. त्याच रस्त्याने बायका हंडे घेऊन पार डोंगराच्या पायथ्याच्या विहिरीवर जायच्या. गोमाजींनी भाषण केलं नाही, अर्ज केला नाही. त्यांनी फक्त बायकांना सांगितलं की आज डोंगराकडे जाऊ नका, हंडे घेऊन रस्त्याकडेला बसा आणि गाडीवाल्याला मान द्या. गाडी आली. गाडीवाला त्याच भागातला. रांगेत त्याची मावशी बसलेली, पुढे सासू. त्याने काय करावं? गाडी हंड्यांत रिकामी झाली आणि रस्ता कोरडा राहिला. मंत्री आले ते पिठाच्या गिरणीतून बाहेर पडल्यासारखे. भाषणात दर वाक्याला शिंक. पुढच्या अधिवेशनात गोमाजींनी उभं राहून आधी त्यांच्या सर्दीची आपुलकीने चौकशी केली आणि मग त्या गावाला विहीर मागितली. मंत्र्यांनी हो म्हटलं आणि सवयीने एकदा शिंकले.

हे सगळं गमतीचं झालं. पण गोमाजी विधानसभेत गेले होते ते पडद्यांसाठी नव्हे, बांधासाठी.

पाटखारची भातशेती समुद्राच्या भरतीपेक्षा खाली. मध्ये फक्त मातीचा बांध. एका बाजूला खाडी उभी, दुसऱ्या बाजूला भात उभं. त्या बांधाला एकदा का खांड पडली, म्हणजे भगदाड पडून खारं पाणी आत शिरलं, की जमीन दोन-तीन वर्षं रुसते. गाव मग मिठागरावर नाहीतर मुंबईला गोदीत. पाटखारचा बांध जुना झाला होता, खेकड्यांनी पोखरला होता, आणि एवढ्यासाठी गावाने आपला गोमा निवडून दिला होता. दगडी पिचिंगचा, म्हणजे बाहेरून दगड रचून पक्का केलेला बांध, बस. दुसरं काही मागणं नव्हतं.

आणि एका वर्षी अंदाजपत्रकात आमच्या किनाऱ्याच्या खारबांधांसाठी पैसा आला. मोडके बांध सात होते. इंजिनिअरांच्या मते सातही सारखेच वाईट. पावसापूर्वी चार उरकतील, तीन पावसानंतर. म्हणजे त्या तीन गावांनी एक पावसाळा देवावर हवाला ठेवून काढायचा. लगेच ज्याच्या त्याच्या ओळखी धावू लागल्या. कुणाचा मामा सचिवालयात, कुणाचा पक्ष वजनदार. गोमाजी चर्चेला उठले तेव्हा सगळ्यांना वाटलं, आता पाटखारचं रडगाणं. त्यांनी पाटखारचं नावही घेतलं नाही. त्यांनी मासळीची वाटणी सांगितली.

आमच्याकडे बांधाला उघाडी असते, म्हणजे पाणी सोडायचं दार. तिथे सापडणारा मासा सगळ्या गावाचा. त्याचे सारखे ढीग मांडतात. मग एक माणूस ढिगांकडे पाठ करून उभा राहतो. दुसरा कुठल्याही एका ढिगावर बोट ठेवून विचारतो, हा कुणाचा? पाठमोरा एक नाव घेतो. ज्याचं नाव, त्याचा ढीग. मांडणाऱ्याला ठाऊक नाही कुणाला काय जाणार, नाव घेणाऱ्याला दिसत नाही काय जातंय. भांडण नाही, मामा नाही. "तसाच बांधांचा वाटा करा," गोमाजी म्हणाले, आणि समजावण्याच्या भरात स्वतःच गर्रकन वळून पाठमोरे उभे राहिले. पाठ नेमकी अध्यक्षांकडे.

सभागृहात हाहाकार. अध्यक्षांच्या आसनाकडे पाठ करणं म्हणजे केवढा अपमान! घंटा वाजली. अध्यक्ष म्हणाले, सन्माननीय सदस्यांनी आसनाकडे पाठ फिरवू नये.

गोमाजी तसेच उभे, तोंड दाराकडे. शांतपणे म्हणाले, "अध्यक्षम्हाराज, तोंड बघून वाटा करायची सवय लागली हाय सरकारला, म्हनून तर फिरलो."

मग वळले, दोन्ही हात जोडले, मनापासून माफी मागितली आणि वहाणा शोधू लागले. अर्थमंत्री उठले. आता हसू लपवण्याची पाळी गोमाजींची आली. मंत्री म्हणाले, सूचना सरकारला मान्य आहे. अलिबागेस कलेक्टरांसमोर वाटणी व्हावी. आणि पाठ फिरवायचा अनुभव सभागृहात सन्माननीय सदस्यांनाच असल्यामुळे नावंही त्यांनीच घ्यावीत.

वाटणीच्या दिवशी मी मेव्हणीच्या लग्नाला म्हणून अलिबागेत होतो. लग्न राहिलं बाजूला, मी कचेरीत हजर. बाहेर वडाखाली सातही गावची माणसं. आत टेबलावर इंजिनिअरसाहेबांनी सात खडू ओळीने मांडले होते. साहेब तरुण, देशावरचे, स्वभावाने सरळ आणि कामात चोख. पहिला खडू म्हणजे पहिलं काम, सातवा म्हणजे शेवटचं. गोमाजी खिडकीतून समुद्राकडे बघत पाठमोरे उभे राहिले.

साहेबांनी पहिल्या खडूवर बोट ठेवलं. "हे कोणाचं?" गोमाजींनी एका गावाचं नाव घेतलं. मग दुसरा. मग तिसरा. ज्या गावाने निवडणुकीत त्यांच्या सभेवर शेण फेकलं होतं, त्याचं नाव तिसरं आलं. चौथ्याला बाहेर टाळ्या पडल्या. पाचवं, सहावं. उरलं एक. "आनि हा पाटखारचा," म्हणून गोमाजी वळले, टेबलाकडे बघितलं आणि तिथेच थबकले.

आता गंमत बघा. आमच्या वाटणीत पाठमोरा माणूस आपलं स्वतःचं नाव नेहमी शेवटी घेतो. ती रीत. आधी घेतलं तर लोक तोंडावर हसतात, हावरा म्हणतात. मासळीत त्याने काही बिघडत नाही, कारण बोट कुठल्याही ढिगावरून कुठेही उडतं, शेवटी उरलेला ढीग चांगलाही असू शकतो. पण इंजिनिअरसाहेबांचं बोट सरकारी. ते एकापासून सातापर्यंत ओळीने गेलं. आणि गोमाजींची जीभ आयुष्यभराच्या सवयीने स्वतःचं गाव मागे ठेवत गेली.

"तुमी एकापासून सुरू केलात?" गोमाजींनी विचारलं.

"मग कुठून करणार?" साहेब खरोखरच गोंधळले होते.

कलेक्टर समजदार. त्यांना घोटाळा कळला. म्हणाले, पुन्हा मांडू या, हरकत नाही. बाहेर पहिल्या चार गावच्या लोकांनी तोवर ताशा लावला होता. गोमाजींनी खिडकीतून तो ऐकला, कपाळावरचा घाम टोपीने टिपला आणि म्हणाले, "नको. नाव तोंडातून गेला का वाटा उचलायचा. परत परत मांडला तर मासा नासतो."

बाहेर आल्यावर मला म्हणाले, "चला माझ्यासंगं. साक्षीला एक शिकलेला मानूस पाहिजे." मी गेलो. तो प्रवेश मी चुकवणार थोडाच!

पाटखारला देवळासमोर अख्खा गाव बसलेला. गोमाजींनी सगळं जसं घडलं तसं सांगितलं. मग त्यांची चुलती जनाकाकी उठली. ही बाई सहा फुटाची नसूनही तशी वाटायची. आमदार पुतण्याला ती भर गावात गोम्या म्हणे.

"ए गोम्या, सहा गावांची नावं तुला आठवली. ज्या गावाचा भात खाऊन मोठा जाला त्याचा नाव शेवटी?"

"काकी, आपला नाव आपन शेवटीच घेतो."

"मासल्यांत रं. दर्यात नाय."

खरी अडचण सगळ्यांना कळली होती. आपलं नाव आधी घ्यायला हवं होतंस, असं म्हणायला एकाचीही जीभ रेटेना, कारण जन्मात तसं कुणी केलं नव्हतं. शेवटी काकीनेच निकाल दिला. "व्हय, रीत बरोबर हाय. मंग आता पाऊसभर बांधही तूच राख."

"राखतो," गोमाजी म्हणाले.

आणि राखला. पावसाळी अधिवेशनात त्यांचा बाक रिकामा. अर्थमंत्र्यांना करमेना. खर्चाच्या बाबी वाचताना ते सवयीने त्या बाकाकडे बघून थांबत, आणि कुणी काही म्हणालं नाही की जरा हिरमुसून पुढे जात.

श्रावणातल्या उधाणाची हकिगत मी पाहिली नाही, पण जनाकाकीने ती मला इतक्यांदा आणि इतक्या आवाजांत सांगितली आहे की पाहिल्यात जमा. भर दुपारी बांधाला खांड पडली. पाणी आत शिरायला लागलं. गोमाजींनी शंख फुंकायला माणूस धाडला आणि स्वतः भगदाडात आडवे उभे राहिले, जणू प्रश्नोत्तराचा तास आहे. गाव धावलं. पण गाव ते केवढं! तेवढ्यात खाडीतून होड्या आल्या. ज्या चार गावांचे बांध दगडाने पक्के झाले होते त्यांना त्या दिवशी राखायला काही नव्हतं, म्हणून ती माणसं फावडी घेऊन आली होती. शेणवालं गावही त्यांत होतं. त्यांचा म्होरक्या चिखलात उतरता उतरता म्हणाला, "आमदार, या खेपेला शेन नाय, फावडी आनलीत, भिऊ नका."

अशा वेळी माती लांबून आणता येत नाही. लगतच्या शेतातूनच काढायची, मग ते कुणाचंही असो. खांडीच्या लगतचं शेत गोमाजींचं. गुडघाभर वाढलेलं भात. ते म्हणाले, "इथून घ्या." रोपांसकट चिखलाची ढेकळं उपटली, हातोहात दिली, एकावर एक रचली. ओहोटी लागेपर्यंत बांध उभा राहिला. गावाचं भात वाचलं. गोमाजींच्या शेताचं तळं झालं.

दिवाळीला मी घरी आलो आणि मुद्दाम वाट वाकडी करून पाटखारला गेलो. होडीतूनच बांधावर उघडी छत्री दिसली. छत्रीखाली गोमाजी, हातात गोफण. जवळ गेलो तो काय! खांड बुजवलेली ढेकळं जगली होती. बांधाच्या माथ्यावर, समुद्राच्या नाकासमोर, खाटेएवढं भात उभं होतं आणि त्यात लोंब्या आल्या होत्या. गोमाजी त्याच्यावरची पाखरं हाकत बसले होते. आमदारकीत एवढा आनंदी चेहरा मी त्यांचा पाहिला नव्हता.

खाली मात्र वेगळंच नाट्य. पाटखारचे दगड आले होते. भरलेला पडाव, म्हणजे मालाची मोठी होडी, धक्क्याला लागलेला, आणि इंजिनिअरसाहेब उन्हात येरझारा घालत होते. काम सुरू करायचं तर तात्पुरती माती आधी खणायला हवी, आणि मातीवर तर भात. गोमाजींनी त्यांना सकाळपासून थोपवून धरलं होतं. दाणा भरतोय, दोन दिस थांबा, म्हणे. सगळं आयुष्य ज्यांची वाट पाहिली ते दगड दारात, आणि हा माणूस चिमण्यांशी भांडतोय.

मला काय, अशी संधी पुन्हा कधी! मी सभागृहातला आवाज काढला. म्हटलं, "सन्माननीय सदस्य खुलासा करतील काय, हा पडाव बिनकामाचा उभा आहे, त्याचं रोजचं भाडं कुठल्या खात्यातून जाणार?"

गोमाजींनी पडावाकडे बघितलं, लोंब्यांकडे बघितलं. मग असे हसले, असे हसले की पाखरं उडाली ती त्या हसण्यानेच. छत्री मिटून माझ्या हातात दिली आणि जनाकाकीकडे कोयता मागितला.

"अरे, दाना हिरवा हाय अजून," काकी म्हणाली.

"दे."

वाकून त्यांनी ते कोवळं भात मुठीमुठीने कापायला घेतलं. इंजिनिअरसाहेब धावत वर आले. त्यांचा चेहरा उतरला होता. म्हणाले, "गोमाजीशेट, राहू द्या हो. दोन दिवस थांबलो असतो तरी चाललं असतं."

"तुमाला चालला असता," गोमाजी कापता कापता म्हणाले. "पडाववाल्याचे दोन दिस कोन देनार? मी? तुमी? द्यायला कोनाच्या बापाचा नाय तो पैसा. आना दगड."

मी परतीच्या होडीत बसलो तेव्हा पहिले दगड बांधावर चढत होते. त्यांच्या पलीकडे गोमाजी हिरवी पेंढी खांद्यावर घेऊन उभे होते आणि काकीशी त्यांचं जोरात वाजलं होतं. काकी म्हणत होती, माझी म्हैस समोर बांधलीय, टाक तिच्या पुढ्यात आणि मोकळा हो. गोमाजींचं म्हणणं, बांध गावचा, म्हणजे भात गावचं, तेव्हा गावातली सगळी गुरं आणा. म्हैस पेंढीकडे मान लांबवत होती आणि गोमाजी एकेक पाऊल मागे सरत होते. होडी वळणाआड गेली तरी त्यांचा आवाज पाण्यावरून येत होता. पाटखारातल्या एकेका गुराचं ते नाव घेत होते.